टिपणीसांचा समुद्र

गंगाधर टिपणीसांच्या घरी समुद्र आला तो अमावास्येच्या दिवशी, आणि तीही साधी नव्हे, सर्वपित्री अमावास्या. टिपणीसांचा नाइलाज होता. दुसऱ्या दिवसापासून अधिक आश्विन लागत होता, आणि अधिकात नवीन काही सुरू करायचं नाही यावर परळच्या त्या चाळीच्या दुसऱ्या मजल्यावर एकमत होतं. दुसऱ्या मजल्यावर एकमत होणं हा प्रकार दहा-बारा वर्षांतून एकदा घडायचा, म्हणून टिपणीसांनी त्याचा मान राखला. विमा कंपनीच्या कचेरीत सव्वीस वर्षं फायली हलवून त्यांना एक गोष्ट पक्की ठाऊक झाली होती, की मंजुरी नवीन कामाला लागते, चालू कामाला लागत नाही. तेव्हा अमावास्येच्या संध्याकाळी हवेचा पंप एकदा सुरू करून टाकला की पुढे अधिकभर तो ‘चालू काम’ म्हणूनच गणला जाईल. फक्त मध्ये बंद पडता कामा नये.

या सगळ्याला कारणीभूत ठरलं ते फोर्टातल्या फुटपाथवर सापडलेलं एक इंग्रजी पुस्तक. खाऱ्या पाण्यातले मासे घरात कसे ठेवावेत, हा त्याचा विषय. आता माणसाने फुटपाथवरून पुस्तक उचलावं, चाळावं आणि खाली ठेवावं. टिपणीसांनी ते घरी आणून अक्षरशः पारायण केलं. त्यात लिहिलं होतं, की काचेच्या टाकीत समुद्राचं पाणी भरलं म्हणजे लगेच मासे सोडायचे नसतात. ते पाणी आधी चाळीस दिवस नुसतं ठेवायचं. त्यात काहीतरी कुजवायचं. त्या कुजण्यातून डोळ्यांना न दिसणारे जीव तयार होतात, ते घाण खातात, आणि मग ते पाणी कुणाला तरी जगवायच्या लायकीचं होतं. पान चाळीसच्या तळाशी ठळक अक्षरांत ताकीद होती, की एकदा का हवा तुटली तर चाळीस दिवसांचं हे सगळं काम काही तासांत मरून जातं. पुढचं प्रकरण ‘यंत्रं केव्हा सुरू करावीत’ हे होतं. ते एक्केचाळीस ते अठ्ठेचाळीस पानांवर होतं, आणि नेमकी तीच आठ पानं कुणीतरी फाडून नेली होती. त्यांत काय बांधून नेलं असेल कोण जाणे, बहुधा शेंगदाणेच.

तर यंत्रं केव्हा सुरू करावीत, हा प्रश्न मग दुसऱ्या मजल्यावर खुला झाला. निवृत्त शास्त्रशिक्षक शरच्चंद्र मास्तर म्हणाले, पंप पहिल्या दिवशी आणि ट्यूबलाइट विसाव्या. सोनूबाई मासेवालीने वरळीच्या समुद्रात कुणी ट्यूबलाइट लावली आहे का, अशी साधी विचारणा केली. कालिंदीबाईंचं, म्हणजे सौभाग्यवती टिपणीसांचं, म्हणणं होतं की यंत्र मुळीच सुरू करू नये, टाकीत गहू ठेवावेत. आणि रघू परब काहीच बोलला नाही.

रघूचं न बोलणं ही लक्षात येण्यासारखी बाब होती, कारण संपाआधी त्याचं साधं ‘जेवलात काय’ खालच्या पानवाल्यालाही ऐकू जायचं. बावीस वर्षं गिरणीच्या साचेखात्यात, मागांवर काढलेला माणूस. शंभर साचे एकदम धडधडत असताना माणसं एकमेकांच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात, आणि रघूला ती विद्या इतकी अवगत होती की त्याच्याबद्दल काही बोलायचं तर गॅलरीतल्या बायका गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला असूनही तोंडाला पदर लावायच्या. जानेवारीत संप सुरू झाला तेव्हा गेटवर त्याने शब्द दिला होता, की संप मिटेपर्यंत मशीनला हात लावणार नाही. बाकीच्यांनी दिला त्याचा अर्थ गिरणीतलं मशीन असा होता. रघूने तो सरसकट घेतला. बायकोचं, मंजुळेचं, शिवणयंत्र अडलं तरी हा हात मागे बांधून उभा. भिंतीवरच्या घड्याळाला चावी द्यायची ती तिनेच. आधी याची चेष्टा झाली. पण एक एक करून लोक गावी गेले, काही जण मागच्या दाराने आत कामावर गेले, आठ महिने झाले, आणि मग चेष्टा करायला कुणाची जीभ रेटेना. रघू दिवसभर दारात बसायचा. भोंगा बंद झाल्यापासून त्याला दिवसाचं काय करायचं ते कळत नव्हतं.

पाणी आणलं ते सोनूबाईच्या नवऱ्याने, होडीतून पार बाहेरच्या समुद्रातलं. पत्र्याचे चार डबे, तोंडाला कापड बांधलेलं. टिपणीस ते हातगाडीवर घालून वरळीहून परळला निघाले. संपामुळे नाक्यानाक्यावर बंदोबस्त होता. एका हवालदाराने गाडी अडवली आणि डब्यांत काय आहे म्हणून विचारलं. टिपणीस आयुष्यात खोटं बोलले नव्हते. त्यांनी सांगितलं, समुद्र आहे. हवालदार नायगावच्या पोलीस चाळीत राहणारा, हातभट्टीचे डबे रोज पाहणारा माणूस. त्याने शांतपणे बोट बुडवलं, चाखलं, तोंड वाकडं केलं, आणि मग दुसऱ्या डब्यातलंही चाखलं, कारण पहिला डबा वरवर दाखवायला ठेवलेला असू शकतो. चारही डबे चाखून होईपर्यंत बघायला शंभरएक माणूस जमलं. विमा कंपनीचा हेडक्लार्क भर चौकात समुद्रासकट उभा. शेवटी त्या हवालदारानेच गाडीला मागून हात दिला आणि विचारलं, मासे सोडल्यावर पोरांना दाखवायला आणू का. टिपणीसांनी त्याला दसऱ्याचं आमंत्रण दिलं, कारण चाळीस दिवस दसऱ्यालाच भरत होते.

डब्यांबरोबर सोनूबाईने एक दगडही दिला होता. जाळ्यात आलेला, काळपट, शेवाळलेला, भोकाभोकांचा, हातात घ्यायला किळस वाटावी असा. पुस्तकात अशा दगडाची शिफारस होती म्हणून टिपणीसांनी तो टाकीत ठेवला. पंप सुरू केला. बुडबुडे आले. गुरर्र असा आवाज घरात भरला आणि टिपणीस पाट मांडून समोर बसले.

कुजवायला कोलंबी हवी होती. पुस्तकात तसं स्पष्ट लिहिलं होतं, कच्ची कोलंबी टाकावी आणि कुजू द्यावी. कालिंदीबाई माहेरच्या आणि सासरच्या दोन्हीकडून कायस्थ, कोलंबीच्या खिचडीत त्यांचा हात धरणारं कुणी नाही. त्यांच्या डोळ्यांसमोर नवऱ्याने चार टपोऱ्या कोलंब्या पाण्यात सोडल्या. त्या चार दिवस टिपणीसांशी कामापुरतंच बोलल्या. पाणी आधी दुधाळ झालं, मग त्याला वास सुटला, मग काचेवर तपकिरी थर चढला. येईल तो विचारायचा, मासे कुठायत. टिपणीस सांगायचे, पाणी मुरतंय. लोणचं मुरतं हे लोकांना माहीत होतं. पाणी मुरतं हे त्यांनी टिपणीसांच्या तोंडावर मान्य केलं आणि गॅलरीत जाऊन हसले. मास्तर एकदा गाळ बसवायला तुरटीचा खडा घेऊन आले, तो टिपणीसांनी अगदी टाकीच्या तोंडाशी त्यांच्या हातातून हिसकावला. मास्तरांना ते लागलं. चाळीस वर्षं पोरांना शिकवलेल्या माणसाच्या हातातून तुरटी हिसकावतात म्हणजे काय.

एकोणिसाव्या दिवशी टिपणीस सकाळी दात घासत टाकीजवळ गेले आणि ब्रश तोंडात तसाच राहिला. त्या घाणेरड्या दगडावर एक फूल उमललं होतं. बोटाच्या पेराएवढं, फिकट जांभळं, कडेने बारीक बारीक तंतू, आणि ते तंतू वाऱ्यावर हलावेत तसे पाण्यात हलत होते. टिपणीसांनी काचेवर नख वाजवलं. फूल झर्रकन मिटलं आणि दगडात शिरलं. ते फूल नव्हतं. ते कुणीतरी होतं. तीन आठवडे ते त्या दगडात दम धरून बसलं होतं, आणि पाणी राहायजोगं झालं आहे असं त्याने आज स्वतःचं स्वतः ठरवलं होतं. टिपणीसांनी हाक मारली तीही कुजबुजत मारली. कालिंदीबाई कणकेच्या हातांनी आल्या, बघत राहिल्या आणि हळूच म्हणाल्या, “कोलंबी सत्कारणी लागली हो.”

त्या दिवशी सगळा मजला येऊन गेला. हसणारेही आले आणि काचेला नाक लावून उभे राहिले. सोनूबाई टोपली दाराबाहेर ठेवून आत आली. जन्म समुद्रावर गेला, असली फुलं पायाखाली शेकड्यांनी तुडवली, ती म्हणाली, पण बसून अशी कधी पाहिली नाहीत. तिने नमस्कार केला. संध्याकाळी गर्दी सरल्यावर रघू आला. नमस्कार नाही, काही नाही. भिंतीला टेकून बसला आणि दोन तास बसूनच राहिला. फूल बघतोय असं टिपणीसांना वाटलं. जाताना तो म्हणाला, पंपाच्या डाव्या अंगाचा स्क्रू ढिला आहे, आवाजात कळतं, पिळून घ्या. टिपणीसांनी पिळला. आवाज एकसारखा झाला. मग टिपणीसांच्या ध्यानात आलं, की नऊ महिन्यांत या अख्ख्या चाळीत दिवसरात्र चालणारं मशीन हे एकच आहे, आणि रघू ते ऐकायला येतो आहे. तो रोज येऊ लागला.

दसरा आला. गिरण्यांतून दसऱ्याला केवढा थाट असायचा. मशीन पुसून लख्ख, झेंडूच्या माळा, खात्याखात्यात पूजा, पेढे. यंदा फाटकांना कुलपं. दसऱ्याच्या सकाळी गॅलरीतले सात-आठ गिरणीवाले अंघोळ करून, स्वच्छ कपडे घालून टिपणीसांच्या दारात उभे राहिले. पुढे कोंडीराम, सूतखात्यात मशीनला तेल देणारा. तो चाचरत म्हणाला, “साहेब, तुमच्या पंपाची पूजा करू का? औंदा आम्हाला दुसरं मशीन नाही.”

टिपणीसांनी स्वतः पंप उचलून पाटावर ठेवला. आता पूजेला मशीन थांबलेलं पाहिजे, चालत्या मशीनची पूजा कुठल्याच खात्यात होत नाही. पान चाळीसची ताकीद टिपणीसांना आठवली. मास्तरांनी घड्याळ बघून निर्वाळा दिला, पाऊण तास काही होत नाही. अधिकही संपला होता. पंप बंद केला. घर एकदम मुकं झालं. हळदकुंकू झालं, झेंडूची माळ घातली, शमीची पानं वाहिली, आणि मंडळी डोळे मिटून उभी असताना कोंडीरामाने सव्वीस वर्षांच्या सवयीने खिशातून तेलाची पिचकारी काढली आणि पंपाच्या भोकात चार थेंब सोडले. मशीन पुजायचं आणि कोरडं ठेवायचं हे त्याच्या मनालाच पटलं नसतं. आत रबराचा पडदा होता हे त्याला कुठे ठाऊक.

बटण दाबलं तर पंप एकदा फुसकारला आणि गप्प झाला. उघडून बघितलं तर पडद्याला चीर गेलेली. मुळात जुना, तेलाने पार सुटला. दुकानं दसऱ्याची बंद, उद्या दहाच्या आत उघडायची नाहीत. टिपणीसांनी टाकीकडे बघितलं. फूल मिटू लागलं होतं. उद्या दहापर्यंत त्यातलं काहीच राहणार नव्हतं, ना फूल, ना ते न दिसणारे जीव, ज्यांच्यासाठी चाळीस दिवस घरात वास सोसला होता.

तोड काढली कालिंदीबाईंनी. तांब्याने टाकीतलंच पाणी उचललं आणि दूध निववतात तसं हातभर उंचावरून परत टाकीत सोडलं. बुडबुडे उठले. पुन्हा उचललं, पुन्हा सोडलं. मग टिपणीसांनी तांब्या घेतला. पंधरा मिनिटांत त्यांचा खांदा भरून आला, वीस मिनिटांत हात थरथरायला लागला, आणि निम्मं पाणी जमिनीवर. दारात उभा असलेला रघू ते बघत होता. तो पुढे आला आणि नऊ महिन्यांत पहिल्यांदा त्याचा जुना आवाज चाळीला ऐकू आला. एक माणूस किती वेळ पुरेल, म्हणाला. उद्या सकाळपर्यंत चालवायचं तर पाळ्या लावायला हव्यात. त्याने टिपणीसांपुढे हात केला. सगळे त्याच्या हाताकडे बघायला लागले. तांब्या हे मशीन धरावं की कसं, असा पेच पडला. मास्तरांनी तुरटीचा अपमान गिळून निर्णय दिला, की ज्यात फिरणारा भाग नाही ते यंत्र नव्हे, भांडं. रघूने तांब्या घेतला.

मग जे झालं ते टिपणीस पुढे कितीदा तरी सांगायचे. त्या दिवशी दुपारी साडेतीनपर्यंत होते त्यांनीच ओढलं, मग साडेतीन ते बारा दुसरी पाळी, बारा ते सात तिसरी, सात ते साडेतीन पहिली. रघूने माणसं वाटली. अर्ध्या तासाला तांब्या बदलायचा, पण धार तुटता कामा नये, पुढच्याने धार धरल्याशिवाय आधीच्याने सोडायची नाही. चहाची सुट्टी दहा मिनिटं. टिपणीसांनी स्वतःच्या घरात, स्वतःच्या टाकीसाठी नाव दिलं, तर रघूने त्यांना बदलीवर घेतलं. कुणी गैरहजर राहिला तर बोलावू. हेडक्लार्क माणूस रात्री दोनदा हजेरीला गेला आणि दोन्ही वेळा माणसं पूर्ण आहेत म्हणून परत पाठवला गेला. त्यांना जरा अपमान वाटला. पण अंथरुणावर पडून ते ऐकत राहिले, ती पाण्याची धार, एका लयीत, न तुटता. मधून रघूचा आवाज, शंभर साचे चालू असल्यासारखा मोठा. माणसांना काम इतकं येत असतं याचा त्यांनी कधी विचारच केला नव्हता.

सकाळी दुकान उघडताच टिपणीसांनी रबराचा पडदा घेतला आणि अकरा वाजता धापा टाकत जिना चढले. दारात आले आणि थबकले. पहिली पाळी लागलेली होती. कोंडीराम तांब्यावर, पाठ ताठ, नजर धारेवर. गॅलरीत ओळीने जेवणाचे डबे ठेवलेले. दोन दारांपलीकडून मंजुळेने नवऱ्याला पितळी डबा पाठवला होता, झाकणाला फडकं बांधून, गिरणीत पाठवायची तसाच. घरी बोलावून वाढायला दहा पावलं होती. डबा आला होता. रघू हात मागे बांधून माणसामाणसावरून नजर फिरवत उभा होता, आणि गेल्या नऊ महिन्यांत टिपणीसांनी त्याला असा ताठ पाहिला नव्हता. दगडावरचं फूल पूर्ण उमललेलं होतं.

मास्तरांनी विचारलं, रबर मिळालं का.

टिपणीसांचा हात खिशात होता. आयुष्यात खोटं न बोललेला तो माणूस म्हणाला, “नाही. दुकान बंद होतं.”

मग ते आत गेले आणि स्वयंपाकघराच्या दारात कालिंदीबाईंना अगदी हळू, जवळजवळ नुसत्या ओठांनी म्हणाले, “मिळालंय. खिशात आहे. राहू दे.” त्यांनी मान वळवली तर टाकीपाशी उभा असलेला रघू त्यांच्याकडेच बघत होता. क्षणभर. मग त्याने तोंड फिरवलं आणि कोंडीरामाला ओरडला, धार बारीक झाली.

साडेतीन वाजले. नवे लोक आले नव्हते, दुसऱ्या पाळीला रघूने कुणाला बोलावलंच नव्हतं. तो सरळ टिपणीसांसमोर येऊन उभा राहिला. नेहमीचा आवाज नव्हता, साधा, घरातल्यासारखा.

“साहेब, पाळी सुटली. आता काढा ते रबर.”

टिपणीसांनी खिशातून पडदा काढला. दोघांपैकी कुणी कुणाकडे बघितलं नाही. रघू सांगत गेला, टिपणीस करत गेले. हा स्क्रू आधी, तेल पुसून घ्या, पडदा सपाट, आता वरचं झाकण. रघूने बोट लावलं नाही. बटण दाबलं. गुरर्र. बुडबुडे आले. मंडळी थोडा वेळ ऐकत उभी राहिली आणि मग आपापले डबे उचलून पांगली. मासा सोडायचा राहिला आहे हे कुणाच्या लक्षात नव्हतं, सोनूबाई आणि हवालदार दोघंही कालपासून येऊन, बघून, काही न विचारता परत गेले होते.

रघू सगळ्यांत शेवटी निघाला. रिकामा डबा हातात घेऊन दारात घुटमळला. पंपाकडे बघितलं.

“म्हणजे आता उद्या नको,” तो म्हणाला.

“सातला या,” टिपणीस म्हणाले. “मशीन सुरू झालं म्हणून माणूस लागत नाही असं कुठे आहे, परब.”

रघूने मान हलवली. सात, एवढंच म्हणाला, आणि पाळी सुटलेल्या माणसासारखा डबा हलवत दोन दारं चालून घरी गेला.